आपली मागून येते

माणिकपूरच्या बस स्टॉपवर दोघी बोलत होत्या. शेजारी एकीची सासू, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

“सालोमी, तुझ्या लेकीचं, स्टेफीचं जर्मनीतलं गाव कसंय गं?”

“लहानसं, म्हाताऱ्यांचं. अर्धे दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडच्या आपल्या गावांतून हाकललेले. मग तुर्की कामगार आले, आता आपल्या पोरी नर्स म्हणून.”

“रमतात म्हातारे?”

“कुठले! आठवण राहत नाही त्यांना, संध्याकाळ झाली की जुन्या घरी निघतात. ते घर आता दुसऱ्या देशात. म्हणून स्टेफीच्या वृद्धाश्रमाने दारातच खोटा बस स्टॉप उभा केलाय. बसून बसून विसरतात, मग स्टेफी आत नेते.”

“आणि तुझ्या सासूबाई?”

“त्याही रोज सांडोरला, जुन्या घरी निघतात. वाडी विकली, तिथे बिल्डिंग झाली, हे सांगून किती वेळा रडवू?”

“अगं, सांडोरचीच बस आली.”

म्हातारी उठली. “सालोमी, ही आपली?”

“नाही, आई. बसा. आपली मागून येते.”