चंपा वाघीण आणि ह्यांचा सदरा

मी मालवणाकडची. लगीन झालं नि ह्यांच्याबरोबर अंधेरीला आले, तेव्हा अंधेरीत भाताची खाचरं, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे, आणि मध्येच आमच्या शेठचा स्टुडिओ. जंगलातल्या मारामारीचे पिक्चर काढायचा, म्हणून जनावरंच पाळलेली त्यानं. हत्ती, अस्वल, हरणं, माकडं, आणि चंपा वाघीण. हे तिला मांस घालायचे, पिंजरा धुवायचे. आमची खोली पिंजऱ्याच्या मागंच. काय सांगू तुम्हाला, माझ्या दोन्ही पोरी तिची डरकाळी ऐकत झोपायच्या, ती गप्प राहिली की रडायच्या.

मग हे तापानं गेले. मुकादम येऊन बोलला, वहिनी, नवा माणूस ठेवलाय, त्याला खोली लागेल, तेरावं झालं की बघा. कुठं बघू? गावचं घर दिरांचं, पोरी एवढ्या एवढ्या. पण नव्या माणसाच्या हातचं चंपा खाईना. मांस तसंच पडायचं, माशा घोंगावायच्या. माणसं हसायची, हिरोईन झाली रे ही, नखरे बघ. शेठ म्हणाला, खात नाय तर सर्कसवाल्याला देऊन टाका.

सासू ह्यांच्या दिवसांना गावाहून आलेली, ती आमच्याकडंच राहिली. म्हणायची, मेल्या माणसाचे कपडे घरात ठेवूचे नसतत गो. मी सगळे दिले, कामावरचा खाकी सदरा तेवढा ठेवला, चंपाचा नि ह्यांचा वास एक झालेला त्याच्यात. तो लुगड्यावर चढवला, मांसाची बादली उचलली नि गेले. मुकादम ओरडला, वहिनी, येडी झालीस काय! चंपा उठली, गजांना नाक लावून हुंगत राहिली, हुंगत राहिली, आणि जेवली. हे गेल्यावर मी पहिल्यांदा रडले ती तिथं, पिंजऱ्यासमोर.

शेठनं काम मलाच दिलं, खोली राहिली. रोज सदरा घालायचा, धुवायचा नाय. पावसाळ्यात त्याला बुरशी आली, आणि एक दिवस सासूनं सोडा लावून दगडावर आपटून धुतलान. काय बोलू म्हातारीला, चांगलंच करायला गेली. सदरा दोरीवर, मी नुसत्या लुगड्यानं गेले, म्हटलं आज वाट लागली आपली. चंपानं बघितलं मला, गजांना अंग घासलं, फुरफुरली, आणि सगळं खाल्लान. मला ओळखायला लागली होती बया.

पुढं स्टुडिओ बंद पडला. चंपा त्याच्या आधीच म्हातारी होऊन गेली, माझ्यासमोर. आता तिथं बिल्डिंगी झाल्यात. नातवंडं विचारतात, आजी, भीती नाय वाटायची? भीती कसली रे, ती जेवायची म्हणून तुमची आई जेवली. जिथं असेल तिथं पोट भरलेलं असू दे तिचं.