दोनदा लागणारं दार

...आणि वर हा गाडी बांधणारा मलाच विचारतो, ‘साहेब, दार नीट लागायला नको म्हणजे नक्की काय पाहिजे?’ आता याला काय सांगू! अरे, दार नीट लागायला नको म्हणजे दार नीट लागायला नको! यात न कळण्यासारखं काय आहे? तुझ्या घरात एकही दार असं नाही का, जे एकदा लावून लागत नाही? माझ्या घरात चार आहेत! सुताराला शिव्या घालतो मी त्यांच्यासाठी! आणि इथं मी खिशातून पैसे काढून तसलं एक दार मागतोय, तर हा माझ्याकडे असा बघतोय की मी जणू त्याच्याकडे चाक नसलेली गाडी मागितली...

तुम्हाला सांगतो, नव्यानं जुनी गाडी बांधून घेण्यासारखा मनस्ताप नाही. नाही, नाही, जुनी गाडी दुरुस्त नाही करायची. जुनी गाडी नाहीच आहे. ती गेली. आमच्या सासऱ्यांची होती, हिरवी, दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नसलेली, पळताना जमिनीला पोट घासेल की काय असं वाटायचं अशी. ही पंधरा वर्षांची असताना त्यांनी ती विकली, आणि पुढची अडतीस वर्षं आमची ही त्या गाडीबद्दल बोलत होती. दुसऱ्या बायका माहेरचं काय सांगतात? आमची ही गिअर सांगायची! तिसरा गिअर टाकताना काय आवाज यायचा, तो आवाज काढून दाखवायची, पाहुण्यांसमोर!

तर तशीच्या तशी गाडी बांधून देणारे लोक असतात. खाली नवा सांगाडा, वर साच्यातून काढलेली बॉडी, आत दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं इंजिन. बाहेरून बघाल तर हुबेहूब. हिनं दोन वर्षं शोध घेतला, तीन कारखाने निवडले आणि फाइल केली. ही नकाशे काढायची हो ऑफिसात, रेघ अर्धा मिलिमीटर चुकली तरी कागद फाडणारी बाई! फाइलमध्ये बांधणाऱ्याला विचारायचे तीनच प्रश्न. एक, पूर्ण झालेली गाडी दाखवू नका, सगळ्यात जास्त दिवस अर्धवट पडलेली दाखवा. दोन, तुम्ही नसताना काम कोण बघतं? आणि तीन... खाली लाल रेघ मारून... ‘डावं दार दोनदा लागलं पाहिजे. एकदा हातानं, एकदा कमरेनं. एकदाच लागलं तर माणूस बदला.’

सासऱ्यांच्या गाडीचं डावं दार तसंच होतं. हातानं लावलं की अडकायचं, मग बाहेरून कमरेनं एक धक्का, की धप्प. हिची ती सवयच झाली. आमच्या फ्रिजचं दार तीस वर्षं कमरेनंच लागलं. आता मी हातानं लावतो. लागतं. एकदाच.

असो. फाइल पूर्ण झाली आणि दीड महिन्यात ही गेली.

मग मी निघालो फाइल घेऊन. मला गाडीतलं काय कळतं? शून्य! म्हणून मेव्हण्याला बरोबर घेतलं. हिचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर, वय एक्कावन्न, आणि त्याच गाडीत लहानाचा मोठा झालेला. म्हटलं, याला आठवेल. कसलं आठवतंय! पहिल्या कारखान्यात पाऊल टाकलं आणि हा पलीकडच्या पार्टीत सामील!

पहिला कारखाना म्हणजे कारखाना नव्हताच, ऑपरेशन थिएटर होतं. मालकाच्या हातात पांढरे हातमोजे. जमिनीवर तुमचा चेहरा दिसतो. मी म्हटलं, अर्धवट गाडी दाखवा. तो म्हणतो, ‘सर, आमच्याकडे अर्धवट काही नसतं.’ मग बांधता कुठं, बाबा? आकाशातून पडतात? मग सुरू झाला... ‘सर, एसी देऊ, रिव्हर्स कॅमेरा देऊ, कप ठेवायला जागा देऊ, ओरिजिनलपेक्षा भारी!’ अरे, छप्पर नाही त्या गाडीला, एसी कुणाला देतोस, रस्त्याला? आणि मागे बघायला कॅमेरा! गाडी एवढीशी, मान वळवली की डिकी नाकाला लागते! आणि हा आमचा मेव्हणा मान डोलावतोय, ‘भावजी, कॅमेरा वाईट नाही हं.’ मी दाराचा विषय काढला. म्हटलं, दोनदा लागलं पाहिजे. हातमोजे हसले. ‘सर, आमचं दार एका बोटानं लागतं. मॅडमना घेऊन या, मॅडमना दाखवतो.’ म्हटलं, मॅडम नाहीत. म्हणतो, ‘काही हरकत नाही, पुढच्या आठवड्यात आणा.’

 मेव्हण्यानं उगाच एक खोकला काढला, आणि आम्ही बाहेर आलो.

दुसरा त्याहून वस्ताद! सगळं कॉम्प्युटरवर. लेझरनं मोजतो. दार आणि बॉडीमधली फट वर तीन मिलिमीटर, खाली तीन मिलिमीटर, कुठंही मोजा. मेव्हणा खूश! नखानं दारावर टकटक करतोय, वाकून फटीत बघतोय, आता म्हणेल आ करा! ‘भावजी, बाइट बघा, बाइट! दातावर दात बसावा तसं मिटतंय!’ मी म्हटलं, मिटायला नको आहे. कॉम्प्युटरवाला गंभीर झाला. म्हणाला, ‘साहेब, दोष ड्रॉइंगमध्ये कसा दाखवणार? कमरेचा धक्का म्हणजे किती किलोचा? आकडा द्या, मी बघतो.’

आकडा! म्हटलं, बावन्न किलोच्या बाईचा. शेवटी एकोणचाळीसच्या. लिही.

त्यानं लिहिलं हो! खरंच लिहिलं! आणि म्हणाला, ‘पण साहेब, आमच्या नावावर असलं दार बाहेर पडलं तर लोक काय म्हणतील? आम्ही ओरिजिनलपेक्षा भारी देतो.’ मी उठलोच! अरे, नक्कल करतोस ना? तुझ्या पाटीवर लिहिलंय ना, हुबेहूब? मग कर ना हुबेहूब! चेहऱ्यावरचा तीळ पुसून फोटो काढलास, तर तो तिचा फोटो झाला का? भारी कुणी मागितलंय तुझ्याकडे? मला भारी नको, मला तीच पाहिजे... तीच गाडी म्हणतोय मी.

गाडीत बसल्यावर मेव्हणा हळूच म्हणतो, ‘भावजी, तेवढा दाराचा हट्ट सोडा की. ताईनं सहज लिहिलं असेल.’ सहज? लाल रेघ मारून? आमच्या आयुष्यात त्या बाईनं वाण्याची यादीसुद्धा सहज लिहिली नाही! मी इतका ओरडलो त्याच्यावर की सिग्नलला शेजारच्या माणसानं काच खाली केली.

तिसरा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. मालक म्हातारा, सगळे त्याला मास्तर म्हणतात. मोजता येणार नाहीत इतक्या अर्धवट गाड्या. फाइलमध्ये याच्या नावापुढे हिनं लिहिलं होतं, ‘तासाभरात तीनदा चुकला. तीनदा कबूल केलं.’ मी विचारलं, सगळ्यात जुनी अर्धवट कुठली? लगेच बोट दाखवलं. ‘ती कोपऱ्यातली. चार वर्षं झाली. माझी चूक. साचा वाकडा निघाला.’ तुम्ही नसताना कोण बघतं? ‘कोण बघणार? कुलूप.’ आणि दारं... काय सांगू तुम्हाला! एक दार दोनदा लागत होतं. एक तीनदा! एक लागतच नव्हतं, दोरीनं बांधलं होतं! मला असं वाटलं की या माणसाच्या पाया पडावं!

मी म्हटलं, मास्तर, मला दार असंच पाहिजे. तर म्हातारा दुखावला की हो! ‘थट्टा करता गरिबाची? तुमचं दार असं देईन की लोणी!’ म्हटलं, लोणी नको! ‘एका बोटानं लागेल!’ म्हटलं, बोट नको! मेव्हणा मधेच, ‘मास्तर, तुम्ही नीटच करा.’ मी म्हटलं, तू गप्प! शेवटी फाइल उघडून लाल रेघ दाखवली. मास्तरनं चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाला, ‘बाई इथं आली होती. पाटावर बसून चहा प्यायली.’ आणि मग, ‘ठीक आहे. तिचं दार तसंच.’

झालं! माणूस ठरला! आठ महिने मी निवांत. मेव्हणा म्हणाला, मी दर शनिवारी जाऊन लक्ष ठेवतो. म्हटलं, बरं झालं, आपल्याला तरी काय कळतंय.

आज सकाळी गाडी आली. हिरवी. तसाच हिरवा. मी खाली गेलो, डावं दार उघडलं, आणि हातानं लावलं.

टक्.

लागलं! एकदाच! पुन्हा उघडलं, एका बोटानं ढकललं... टक्! फ्रिजसारखं! माझं डोकंच फिरलं. मास्तरला फोन लावला, तोंडात येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणतो, ‘माझ्यावर का ओरडता? मी वाकडंच बसवलं होतं. तुमच्या मेव्हण्यांनी बदललं. दर शनिवारी यायचे, स्वतःची बारकी हत्यारं घेऊन. पाच शनिवार दाराचं ते एक कुलूप घासत बसले. मी म्हटलं, बाईनं तसंच सांगितलंय. तर रडायला लागले. मी काय करणार?’

मेव्हणा तिथंच उभा होता, गाडीच्या मागे. मी वळलो, शब्द तोंडात तयार होते, एकाहून एक. आणि हा एक्कावन्न वर्षांचा दातांचा डॉक्टर शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून म्हणतो, ‘भावजी, ते दार मी बिघडवलं होतं. सात वर्षांचा होतो. फाटकातून गाडी निघताना दाराला लटकलो. बिजागरी वाकली. बाबा आले, आणि ताई म्हणाली, मी लटकले. महिनाभर तिला गाडीत बसू दिलं नाही बाबांनी. मी बसायचो तिच्या जागेवर. मी कधी सांगितलं नाही. तिनंही नाही. मला वाटलं, विसरली असेल. आणि तुम्ही ती फाइल उघडलीत... लाल रेघ... ती विसरली नव्हती हो भावजी. चव्वेचाळीस वर्षं तिच्या डोक्यात होतं. म्हटलं, निदान या वेळी तरी मी नीट करून द्यावं.’

आता सांगा! याच्यावर कसं ओरडायचं? मी तिला तीस वर्षं ओळखतो. ते दार सांगताना ती हसायची, प्रत्येक वेळी हसायची! राग असता तर मला कळला नसता? मी त्याला म्हटलं, अरे वेड्या, तिला ते दार आवडायचं. तर म्हणतो, ‘खरंच?’ म्हटलं, खरंच. पण विचारायला जाणार कुणाकडे?

मग मी दार उघडलं. हातानं लावलं, टक्. आणि लागलेल्या दाराला कमरेनं एक धक्का दिला. धप्प झालं नाही. कंबर दुखली. मेव्हणा म्हणाला, ‘मी देऊ?’ त्यानंही एक दिला.

आता ती फाइल घेऊन बसलोय. तिसरा प्रश्न, लाल रेघ. ‘एकदाच लागलं तर माणूस बदला.’ हातमोजे बदलले, कॉम्प्युटर बदलला, वेळ पडली तर मास्तरही बदलेन... पण तुम्हीच सांगा, मेव्हणा कसा बदलायचा?