मोहियुद्दीनभाईंचा डबा

समारंभाच्या अध्यक्षा किशोरीताई, सत्कारमूर्ती मोहियुद्दीनभाई, आबिदाभाभी, व्यासपीठावरील मान्यवर आणि बिर्याणीचा वास येत असतानाही मला सहन करायला बसलेल्या यान्बूकर बंधुभगिनींनो,

गेल्या वर्षी कंपनीने आपल्या एकतीस जणांच्या जागा स्थानिक सौदी तरुणांना द्यायचं ठरवलं. त्यात गैर काय? देश त्यांचा. पण अकरा वर्षांपूर्वी मालक बदलले, तेव्हापासूनचीच नोकरी निघतानाच्या पैशांच्या हिशेबात धरणार म्हणाले. त्याआधीची वर्षं खलास! बोलणी करायला तुम्ही मला पाठवलंत. का, तर मी फार बोलतो.

मी तयारी जोरात केली. वसाहती सोडून परत जाणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी पेन्शन आणि नुकसानभरपाई कशी पदरात पाडून घेतली, यावर चाळीस पानांची फाईल केली. आयुष्यभर पाईप मोजले, म्हटलं जाताना तरी साहेब होऊन जावं. फाईल उचलायला स्टोअरकीपर मोहियुद्दीनभाईंना बरोबर घेतलं. होय, उचलायला!

मॅनेजरसाहेबांनी कहवा दिला आणि विचारलं, "मिस्टर बाळकृष्ण, तुमची मागणी काय?"

माझ्या तोंडून काय निघावं? "आमचं कसलं आलंय, तुम्ही द्याल ते."

आपलं वळणच तसं ना! आधी नको म्हणायचं, मग समोरच्याने आग्रह करायचा. त्यांनी आग्रह केलाच नाही. शुक्रन म्हणून आभार मानले आणि लिहून घेतलं.

तेव्हा मोहियुद्दीनभाई अरबीत म्हणाले, "साहेबांचं बोलणं झालं. आता माझा डबा बघा."

खजुराचा पत्र्याचा डबा. आत आपल्या सगळ्यांचे पहिले गेटपास, रुजू झाल्याच्या तारखांसकट. स्टोअरमध्ये जमा झालेलं काहीही ते फेकत नाहीत, यावरून मीच त्यांची किती टिंगल केली होती! मॅनेजरसाहेबांनी तासभर पास पाहिले आणि मान्य केलं, पहिल्या दिवसापासून धरू.

अंतिम यादी आली तेव्हा त्यांच्या नावापुढे बावीस वर्षं होती. मी म्हटलं, "भाई, तुमची तर सव्वीस ना?"

"पहिली चार वर्षं गेटाबाहेर रोजावर माल उतरवत होतो. मला पास कोण देणार? माझ्यापायी यादी अडवू नका."

आणि मी, इतका बोलणारा माणूस, गप्प बसलो. सही केली. मित्रहो, त्याची मला आजही लाज वाटते.

हे मानपत्रही मीच लिहिलंय. यादी बघून लिहिलं, म्हणून त्यातही बावीसच छापून आलं. मघाशी खुर्चीत बसल्या बसल्या पेनाने खोडून सव्वीस केलंय.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. मानपत्रावरची खाडाखोड मात्र चूक समजू नये.