प्रत्येक घासामागे पाणी

वहिनी, दवनीवाड्याची मंडळी, बाहेरगावाहून आलेले पाहुणे. तिरोड्यात माझी खानावळ आहे. माझं काम वाढायचं, भाषणाचं नाही. तरी उभा राहिलो. हेमराजभाऊ कशाने गेले, ते कुणीतरी मोठ्याने बोललं पाहिजे. मागच्या रांगेत आत्ताच कुणी कुजबुजलं, 'पोटाचं काहीतरी होतं म्हणे.' माझे कान तिखट आहेत. पोटाचं नव्हतं. अन्ननलिकेचा कॅन्सर होता.

भाऊंना कितीतरी वर्षं छातीत जळजळ व्हायची. मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची, विसरायचं. शेवटी पोराने जबरदस्तीने नागपूरला नेलं. घशातून दुर्बीण घातली, नळीचा तुकडा काढून तपासला. परत आले ते थेट माझ्या खानावळीत.

"कॅन्सर नाई म्हनला डॉक्टर. वाढ मटन."

"आनखी का म्हनला?"

"म्हनला, अ‍ॅसिड वर येऊन येऊन नळीचं अस्तर बदलून राहिलं. आज कॅन्सर नाई, पुढं होऊ शकते. दुर्बिणीतूनच तेवढं जाळून टाकतो म्हने. मंग तपासाले येत राहा."

"मंग कधी जातेस?"

"दुखत नाई, खुपत नाई, तं जाळाचं कायले गा?"

सगळं टेबल हसलं. मीही हसलो. भाऊ पुन्हा नागपूरला गेले नाहीत.

मंडळी, मी भांडी घासत मोठा झालो. मोरीत बसून, नुसत्या आवाजावरून कळायचं की बाहेर कुणाला मीठ कमी पडलं. भाऊंच्या त्या नागपूरच्या तपासणीनंतर काही वर्षांनी, बाजाराच्या दिवशी ते जेवायला बसले की एक नवा आवाज यायला लागला. घास, मग गिलास ठेवल्याचा आवाज. पुन्हा घास, पुन्हा गिलास.

"काऊन गा भाऊ, जेवून राहिला का पानी पिऊन राहिला?"

"तुह्या पोळ्या चामड्यावानी, मी का करू?"

मग पोळी सुटली. भात-वरण आलं. मग भात आणखी पातळ. मग नुसती पेज. गव्हाच्या मुलखात माणसाने पोळी टाकली की घरात बोंब होते. आपण धानवाले. आपल्याकडे पेज पिणाऱ्याला कोण विचारतं? वहिनींना वाटलं, वयाने साधं खायला लागले. आपल्या मऊ भाताने ते दुखणं झाकून ठेवलं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा जाळून टाकण्यासारखं ते राहिलं नव्हतं. शेवटी तर स्वतःची थुंकी गिळवत नव्हती.

आता माझं ऐका. जळजळ मलाही आहे. भाऊ खाटेला लागले तेव्हा मी गुपचूप नागपूरला जाऊन आलो. डॉक्टरांनी पडद्यावर माझी नळी दाखवली. जिथे फिकट गुलाबी असायला हवं, तिथे बदललेल्या अस्तराचे लाल पट्टे जिभांसारखे वर चढलेले. म्हणाले, "अभी कॅन्सर नहीं है. पर छोड़ना मत." जे ऐकून भाऊंनी मटण मागवलं, तेच ऐकून माझ्या हातातला चहा गार झाला.

सोमवारी मला बोलावलं आहे. दुर्बिणीतून तेवढं जाळणार. एकदा करून भागेलच असं नाही, आणि नंतरही तपासायला जात राहायचं. त्या जाळण्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. मला काहीच दुखत नाही. पोळी खाली जाते, चहा जातो. आणि सकाळपासून भाऊंच्याच आवाजात कानात येऊन राहिलं, 'दुखत नाई तं जाळाचं कायले गा?' कुणाला कळलं नसतं तर मी गेलो नसतो. मी स्वतःला ओळखतो.

म्हणून चारचौघांत सांगतो आहे. माझ्या बायकोलाही हे तुमच्यासोबतच कळतं आहे. लक्ष्मी, अशी पाहू नको, घरी गेल्यावर बोल. आणि तुम्ही सगळे, भेटलो की विचारता, जेवण झालं का? सोमवारनंतर ते विचारू नका. विचारा, नागपूरला गेला होता का? मी हसून विषय बदलला, तर मला सोडू नका. तुमच्यातही वर्षानुवर्षं गोळ्या खाणारे आहेत. मी त्यांनाही विचारणार आहे.

आता उठू या. भाऊंसाठी थोडा वेळ कुणी बोलू नका. त्या शांततेत एकदा थुंकी गिळून पाहा. भाऊंना तेवढंही जमत नव्हतं. आणि सहज गेली, म्हणून निश्चिंत होऊ नका.

माझीही जाते.

भाऊ, रामराम.