नवमीची कालवं

डहाणूच्या रिक्षारांगेत माझ्यापुढे दोघी मासळीवाल्या होत्या. तरुणीच्या टोपलीतून खारं पाणी गळत होतं.

"हंसा, एवढ्या उशिरा बाजाराला? आणि नवमीला कालवं? भांगाच्या पाण्यात, ओहोटी एवढीशीच असताना, खडक तरी उघडा पडतो का?"

"खडकावरची नाहीतच गं मावशी! खाडीत मी बांबूला रिकाम्या शिंपल्यांच्या माळा टांगलेल्या ना, त्यांच्यावरच धरली. कसली टपोरी!"

"तेव्हा सगळं गाव हसलेलं."

"तू पण!"

"मी जास्त. पण गिऱ्हाईक तिथी बघून येतं. शिळी म्हणतील."

"म्हणून तर अख्खी माळ आणलीय. त्यांच्यासमोरच फोडणार, पाणी तोंडावर उडू दे!"

"सासू काय म्हणाली?"

"ती कोयती घेऊन किनाऱ्यावर बसलेली. म्हटलं, आई, होडीत चला. तर म्हणते, आधी ओहोटी तर लागू दे!"

"मग?"

"भर भरतीत माळ वर ओढली, तशी कोयती टाकून टाळ्याच वाजवायला लागली. म्हणते, 'जन्मात कधी नवमीला कालवं खाल्ली नाहीत. आधी मला वाढ, मग बाजार!'"

"वाढलीस?"

"तीनदा. म्हणून तर उशीर झाला!"