दाबाच्या घड्याळावरची टोपी

...आणि वर मलाच बोलतात! अहो, अख्ख्या ग्रीसमध्ये दाबयंत्रातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही! म्हणजे यंत्रातलं कळतं, दाबातलं नाही, आणि शाळा म्हणाल तर मास्तरांच्या खुर्चीला मध फासला म्हणून चौथीतच सुटली. पण माझी झडप गळत नाही!

तुम्हाला सांगतो, आमच्या प्रयोगशाळेतली ही क्लिओनिकी, डॉक्टरेट करणारी पोरगी, तिनं सात महिने काचनळ्यांशी झटून तीन ग्रॅम माल केला. तीनच! कसला? तर रेणूंच्या एकेका साखळीचं अर्धं अंग प्लास्टिकचं, अर्धं रबराचं. दोघांचं पटत नाही, पण गाठ पक्की, पळणार कुठं? मग प्लास्टिक प्लास्टिकशेजारी, रबर रबराशेजारी, आमच्या पालकाच्या खारीच्या, स्पानाकोपिताच्या, पदरांसारखे थर लावून फुगून बसतात. तापवलं की भांडण विसरून एकजीव! थर असेतो यंत्राच्या खिडकीत उजेड, एकजीव झाले की अंधार. हिचं गणित सांगत होतं, एकशे अठरा अंशांना अंधार.

तापवलं. एकशे अठरा... उजेड. वीस... उजेड! एकशे सव्वीस... उजेडच!

आमच्या प्रोफेसर वुर्लाबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "बाळा, माल बिघडलाय. फेकून दे. सोमवारपासून यंत्र दुसऱ्याला."

सात महिने, फेकून दे! मी म्हटलं, "बाई, यंत्राला नावं ठेवू नका, माझी झडप गळत नाही!"

पोरगी रडली? छे! म्हणाली, "फेकणार नाही. कारण सापडेपर्यंत इथं कुणी जेवणारही नाही." अहो, मी जेवत होतो! घास तसाच गालात...

आणि तिनं काय करावं? दाबाच्या घड्याळावरची माझी टोपी उचलली! वीस वर्षं तिथंच लटकते, कुणाची काही तक्रार? खाली काटा, शून्याजवळ हवा तो... सहाशेवर!

"स्तेलिओकाका, झडप बंद आहे?"

"म्हणजे काय! चांगली आवळून! थेंब गळला तर नावाचा स्तेलिओस नाही!"

"अहो, मालाभोवतीचं तेल तापून फुगलं, जाणार कुठं? दाब चढलाय! आणि दाबलं की हे दोघं जास्तच फटकून राहतात!"

म्हणजे मीच... असो. झडप हळूहळू सैल केली, काटा उतरला, आणि गप्पकन अंधार! पंप मारून दाबलं, पुन्हा उजेड! सोडलं, अंधार! वुर्लाबाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "सोमवारपासून यंत्र हिचंच," म्हणाल्या.

मी छाती काढून म्हटलं, "बघ पोरी, झडप गळकी असती तर कळलं असतं का हे?"

तिनं टोपी माझ्या डोक्यावर दाबून बसवली. "खरंय, काका. तुमच्या झडपेतून काही बाहेर जात नाही, आणि या टोपीतून काही आत!"