शेवटच्या ओळीतला पोटमाळा

मी, या कागदाखाली सही करणारी, वय ५१ वर्षे, धंदा पोस्टर व जाहिरातींची मांडणी करणे, राहणार बंद छापखान्याच्या वरचा मजला, सोबत आई, वय ७६ वर्षे. समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आईसह राहते. गेली सव्वीस वर्षे पोस्टर जुळवते. शिक्षण पदवीपर्यंत झाले आहे, त्याचा या कामात उपयोग झालेला नाही.

आज सकाळी साडेदहा वाजता मला ठाण्यातून फोन आला. इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक महोत्सव सध्या पाच शहरांतून फिरतो आहे. त्याच्या आयोजकांची तक्रार अशी की, 'पोटमाळा' या नावाने एक इसम आतापर्यंत चार शहरांत मंचावर चढून वाजवून गेला, त्याच्याशी कसलाही करार झालेला नाही, आणि ते नाव पोस्टरवर मी घातले. पाचवे शहर हे आपले. कार्यक्रम उद्या आहे. नाव मी घातले हे खरे आहे.

पोस्टरचे काम कसे चालते असे विचारल्यावरून सांगते की, अशा पोस्टरवर कलाकारांची नावे उतरत्या आकाराने असतात. वर तीन नावे, रस्त्याच्या पलीकडून वाचता यावीत इतकी मोठी. त्याखाली सहा, मग दहा, आणि शेवटच्या ओळीत ज्यांना स्वतःच्या आईशिवाय कोणी वाचणार नाही अशी. कोणाचे अक्षर किती मिलिमीटर उंच, हे करारात लिहिलेले असते. मोठ्या कलाकारांचे मॅनेजर पट्टी लावून मोजतात. अर्ध्या मिलिमीटरसाठी एकाने मला तीन पत्रे पाठवली आहेत. तेवढी काळजी त्याच्या कलाकाराने वाजवण्याची घेतली असती तर बरे झाले असते. हे लिहू नका म्हटले तरी हवालदारांनी लिहिले आहे.

प्रत्येक ओळ दोन्ही कडांना बरोबर भिडावी लागते. एखादे नाव पक्के व्हायचे असेल तर तेवढ्या रुंदीचे भलतेच नाव घालून जागा अडवून ठेवतात. आमच्याकडे त्याला खुंटी म्हणतात. छपाईला जाण्याआधी खुंटी काढायची असते. कोणी 'अबक' घालतो, कोणी आपल्या कुत्र्याचे नाव घालतो. मी गेली अकरा वर्षे 'पोटमाळा' घालत आले. हेच नाव का, असे विचारल्यावरून सांगते की, त्याची रुंदी मला पाठ आहे.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, ते माझ्या धाकट्या भावाचे नाव आहे. घरचे नव्हे, वाजवायला जाताना तो घ्यायचा ते. आमच्या घराला पोटमाळा आहे. तिथे लॅपटॉप आणि दोन स्पीकर घेऊन तो दिवसभर बसायचा. जेवणाची वेळ झाली की आई खालून केरसुणीच्या दांड्याने फळ्या ठोकायची. तो वरून ओरडायचा, "आई, ताल सोडू नकोस." एकदा त्याने ते ठोकणे आणि आईचे ओरडणे ध्वनिमुद्रित करून घेतले आणि त्यावर संगीत रचले. ते आम्हा दोघींखेरीज कोणाला ऐकवले नव्हते. अजून कच्चे आहे म्हणायचा.

अकरा वर्षांपूर्वी संध्याकाळी सहा वाजता तो घरातून गेला. वय तेव्हा ३१. दुसऱ्या दिवशी त्याची स्कूटर तलावाच्या बांधावर मिळाली, स्टँडवर नीट लावलेली, किल्ली तिलाच. लॅपटॉपची बॅग मिळाली नाही. तोही मिळाला नाही. बेपत्ता म्हणून नोंद याच ठाण्यात आहे. त्या वेळी मी दिलेला जबाब आज मला दाखवण्यात आला. तो अर्ध्या पानाचा आहे. लिहिणाऱ्याचे अक्षर चांगले आहे.

यंदा चूक झाली ती अशी. शेवटच्या ओळीत एका जोडीचे नाव यायचे होते. ती जोडी आपसात भांडून फुटली आणि ओळीत जागा राहिली. मी खुंटी घातली आणि कच्ची प्रत मंजुरीला पाठवली. मंजुरी अकरा जणांनी दिली. प्रत्येकाने आपापल्या माणसाचे अक्षर मोजून सही केली. हा पोटमाळा कोण, असे अकरांपैकी एकानेही विचारले नाही. मंजूर प्रत परत आल्यावर मी शेवटची ओळ पुन्हा तपासते. या वेळी तपासली की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

छापलेले पोस्टर मी प्रथम बस थांब्यावर पाहिले. आई बरोबर होती. खरे म्हणजे तिनेच पाहिले. चष्मा पदराला पुसून ती म्हणाली, "किती बारीक अक्षरात घातलंयस गं त्याला."

मी म्हटले, "आई, ती चूक आहे. काढायचं राहून गेलं."

"राहून का होईना, राहिलं ना," आई म्हणाली, आणि बस आली.

मी त्याच दिवशी दुपारी महोत्सवाच्या ऑफिसात फोन करून चूक कळवली. समन्वयाचे काम पाहणारी मुलगी म्हणाली, "मॅम, टेन्शन घेऊ नका. ती ओळ कोणी वाचत नाही हो. आणि खरं सांगू का, नाव भारी आहे." वेळापत्रक तयार करणाऱ्याने ती ओळ वाचली होती. त्याने पोस्टरवरूनच वेळा वाटल्या आणि पोटमाळा यांना पाचही शहरांत दुपारी तीन वीस ते चार अशी वेळ दिली, पार्किंगजवळच्या लहान मंचावर. कलाकारांचे पासही त्याच यादीवरून निघाले आणि त्या नावाचे पाकीट गेटवर ठेवले गेले. अशा रीतीने, नसलेल्या माणसाची सगळी सोय झाली.

पहिल्या शहरातला कार्यक्रम झाल्यावर मी लहान मंचाच्या प्रमुखाला फोन केला. तुमची चाळीस मिनिटे माझ्यामुळे रिकामी गेली, माफ करा, असे मी म्हणाले.

तो म्हणाला, "रिकामी कुठं? येऊन वाजवून गेले की ते."

मी विचारले, कोण.

"पोटमाळा. तीन वीसला सुरू, चारला बंद. एवढा वेळेचा माणूस या धंद्यात मी पाहिला नाही ताई. बाकीच्यांना वर चढवायला एक माणूस लागतो आणि उतरवायला चार."

दिसायला कसे, असे मी विचारले. तो म्हणाला, डोक्यावर टोपी, चाळिशीचे असतील, बोलले नाहीत फारसे. ऐकायला किती जण होते असे विचारले. "चौदा. त्यातले दोन पार्किंगवाले." मी फोन ठेवला. त्या दिवशी मी काय काम केले ते आठवत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शहरातही तसेच झाले. मंचप्रमुखाच्या नोंदीत दोन्ही वेळा 'आले, वेळेत' इतकेच लिहिले आहे. गेटवरच्या वहीतली पास घेतल्याची सही आज मला दाखवण्यात आली. ती सुट्या अक्षरांत 'पोटमाळा' अशी आहे. तिच्यावरून मला काही सांगता येत नाही. सुटी अक्षरे सगळ्यांची सारखीच असतात.

मी आईला यातले काही सांगितले नव्हते. चौथ्या शहराच्या दोन दिवस आधी तिने माझ्यासमोर दोन पास ठेवले. मी आंघोळीला गेले असताना तिने माझ्या फोनवरून समन्वयाच्या मुलीला गाठले होते. ओळख 'कलाकाराची आई' अशी करून दिली होती. मुलीने ओळखपत्र मागितले नाही. उलट, "आजी, तुम्हाला खुर्ची सांगून ठेवू का?" असे विचारले.

मी आईला म्हटले, "कोणीतरी टवाळ माणूस असणार. रिकामी जागा दिसली, घुसला."

आई म्हणाली, "असेल. तिकीट काढ. खिडकीची जागा बघ."

गेल्या शनिवारी आम्ही दोघी बसने चौथ्या शहरात गेलो. दुपारी तीन वाजता मैदानावर पोचलो. ऊन होते. मोठ्या मंचावर कोणी ढोलाचे आवाज तपासत होते, एकच ठोका, पुन्हा पुन्हा. लहान मंच जनरेटरच्या मागे होता. समोर नऊ माणसे होती, त्यातला एक झोपलेला. सांगून ठेवलेली खुर्ची कोणी आणली नव्हती. आई केबलच्या उलट्या खोक्यावर बसली.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी एक इसम मंचाच्या मागून आला. टोपी, राखाडी बॅग. माझ्या भावाची बॅग राखाडी होती. अर्ध्या जगाची बॅग राखाडी असते. चेहरा टोपीच्या सावलीत होता, आणि तो वाकूनच उभा राहिला.

तीन वीसला त्याने सुरुवात केली. आधी नुसते ठोके होते. तिसऱ्या ठोक्याला मी ओळखले. लाकडी फळ्यांवर खालून मारलेला केरसुणीचा दांडा. मग आईचा आवाज आला, अकरा वर्षांपूर्वीचा, खणखणीत. "खाली ये, गार होतंय." ते वाक्य तुकडे होऊन फिरत राहिले. खाली ये. ये. गार होतंय. ये. झोपलेला माणूस उठून बसला. मी आईकडे पाहिले. तिचा आवाज आता तसा राहिलेला नाही. ती मांडीवर बोटांनी ठेका धरत होती आणि चुकत होती.

ती म्हणाली, "मी बेतालच ठोकायचे. खरं सांगायचा तो."

तुम्ही जवळ का गेला नाहीत, असे विचारल्यावरून सांगते की, मंच आणि मी यांत अंदाजे पंचवीस पावले होती. मी गेले नाही.

चार वाजता त्याने आवाज बंद केला. आई उठून मंचापाशी गेली. तो खाली वाकला. दोघे मिनिटभर बोलले. मग आई परत आली आणि तो मंचामागे गेला.

मी विचारले, "काय म्हणाला?"

"उन्हात बसलायत, पाणी देऊ का म्हणाला."

"तुला काय म्हणून हाक मारली?"

"मावशी."

मी म्हटले, "मग झालं तर. तो नव्हे."

आई म्हणाली, "अकरा वर्षांनी मी तरी कुठे ओळखू येते?"

मी म्हटले, "तू तर जवळून पाहिलंस. तूच सांग, तोच आहे का?"

"चष्मा काढून गेले होते," आई म्हणाली. "तू विचार त्याला. तू मोठी आहेस."

परतीच्या बसमध्ये आई झोपली. मी आजपर्यंत कोणाला काही सांगितले नाही.

साहेबांचे म्हणणे असे की, शक्यता दोनच. तो इसम माझा भाऊ आहे, किंवा त्याच्याकडे माझ्या भावाचा लॅपटॉप आहे. हे म्हणणे मला मान्य आहे. भाऊ असेल तर तो अकरा वर्षे जिवंत होता आणि घरी आला नाही. भाऊ नसेल तर ती बॅग कोणाला तरी कुठेतरी सापडली, आणि पोस्टरवर नाव पाहून तो वाजवायला आला. यातले कोणते बरे, हे मला ठरवता आलेले नाही. उद्या साध्या कपड्यांतले दोन शिपाई लहान मंचाजवळ असतील, तो वर चढण्यापूर्वी मी बोट दाखवायचे, असे मला सांगण्यात आले आहे.

त्याबाबत सांगण्यापूर्वी मागील जबाबात दुरुस्ती करायची आहे. दार लोटून घ्यावे असे मी मघाशी म्हणाले ते यासाठी. आई बाहेर बाकावर बसली आहे.

मागील जबाबात, भावाचा घरात कोणाशी वाद झालेला नव्हता, असे मी सांगितले आहे. ते खरे आहे. वाद झाला नव्हता. त्या वर्षी अशाच एका लहान महोत्सवाचे पोस्टर माझ्याकडे होते. त्यात शेवटच्या ओळीत भावाचे नाव होते. पोस्टरवर यायची त्याची पहिली वेळ. ओळ एका नावाने जास्त होत होती. आयोजक म्हणाले, कुठलंही एक काढा, तुम्हीच बघा. ओळीत पाच नावे होती. चौघांनी तक्रार केली असती. घरच्या माणसाची समजूत काढता येते, म्हणून मी घरचे नाव काढले. त्याला आधी सांगितले नाही. नाव नाही म्हणून पुढे वेळापत्रकातही तो आला नाही.

पोस्टर छापून आले त्या दिवशी मी ते घरी भिंतीवर लावून पाहत होते. तो पोटमाळ्यावरून उतरला. शेवटची ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. म्हणाला, "ताई, कडा मस्त जुळल्यात." मी म्हटले, "हो ना?" मला त्या क्षणी खरोखरच बरे वाटले होते. मग तो वर गेला, बॅग घेऊन आला आणि बाहेर पडला. तेव्हा सहा वाजले होते. हे मी त्या वेळी सांगितले नाही. आईला अजून माहीत नाही.

उद्या मी येईन. परंतु बोट दाखवणार नाही. तीन वीस ते चार ही वेळ त्याची आहे, मग तो कोणीही असो. नाव छापलेले आहे आणि ते मी आता काढणार नाही. चारला तो थांबला की मी स्वतः पंचवीस पावले चालत जाईन आणि ते नाव मी काढले होते, असे त्याला सांगेन. भाऊ असेल तर त्याला ते ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून त्याने ऐकलेले नाही. भाऊ नसेल तर त्याने ऐकून घ्यावे, आणि बॅग कुठे मिळाली ती जागा मला दाखवावी. त्यानंतर साहेबांनी आपले काम करावे. तोवर शिपायांनी पार्किंगपाशी थांबावे, एवढी विनंती आहे. आईला उद्या घरी ठेवावे असे साहेब म्हणाले. तिला ते साहेबांनी स्वतः सांगून पाहावे.

हा जबाब हवालदारांनी मला हळू आवाजात वाचून दाखवला. शब्द माझेच आहेत. मागील जबाबाशी हा जुळत नाही, असे त्यांनी निदर्शनास आणून दिले. जुळत नाही, हे बरोबर आहे.